लाल जर्सीच्या पाठीशी

वेल्सची लोकसंख्या 31 लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहराहूनही कमी. या चिमुकल्या देशाच्या रग्बी संघाने 12 जुलै 2025 रोजी जपानमधल्या कोबे शहरात यजमानांना 31-22 असं हरवलं. तिकडे दुपार होती, इकडे कार्डिफमध्ये शनिवारची सकाळ. सामना संपला आणि आमच्या ओळीतल्या तीन-चार घरांमधून एकाच वेळी आरोळी उठली.

एरवी या निकालाची चार ओळींची बातमी झाली असती. जपानचा संघ चिवट आहे, पण वेल्सने त्याला हरवावं हे गृहीतच धरलेलं असतं. त्या सकाळची गोष्ट निराळी होती. त्याआधीचे सलग 18 कसोटी सामने वेल्स हरला होता. 7 ऑक्टोबर 2023 रोजी विश्वचषकात जॉर्जियाला नमवलं, त्यानंतर विजय पाहायला मिळाला तो थेट या दिवशी, 644 दिवसांनी. सलग पराभवांचा वेल्सचा जुना विक्रम 2002-03 मधला, तोही दहाचाच.

मी मूळची परळची. पेशाने डॉक्टर, राहते कार्डिफमध्ये आणि काम करते उत्तरेकडच्या ऱ्होंडा खोऱ्यात. कोळशाच्या खाणींच्या या भागात भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनी गेली कित्येक दशकं दवाखाने सांभाळले आहेत. त्यांच्या मागोमाग मीही आले आणि इथल्या माणसांबरोबर इथला खेळही माझा झाला. ही लाल जर्सी मी आपली मानते. म्हणूनच या पडत्या काळाबद्दल लिहावंसं वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे: हे 18 सामने मैदानावर हरले गेले, पण त्या पराभवांची पेरणी मैदानाबाहेर कितीतरी आधी झाली होती. ज्याला या संघावर खरं प्रेम करायचं आहे, त्याचं लक्ष मैदानावरच्या पंधरा जणांपाशी थांबून भागत नाही.

खेळ आणि त्याची माणसं

रग्बी आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. पावसाळ्यात आझाद मैदानाजवळून जाताना बॉम्बे जिमखान्याच्या हिरवळीवर चिखलाने माखलेले खेळाडू अनेकांनी पाहिले असतील. इंग्लंड आणि स्कॉटलंड दर वर्षी ज्या कलकत्ता कपसाठी भिडतात, तो चषक तर कलकत्त्याच्या फुटबॉल क्लबने बंद होताना आपल्या शिल्लक चांदीच्या रुपयांतून घडवून घेतला होता.

नियम पुष्कळ आहेत, पण गाभा सोपा. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. चेंडू हातात घेऊन पुढे धावायचं, मात्र हाताने पास द्यायचा तो मागेच. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे पाच गुण. त्यानंतरची किक खांबांमधून गेली की आणखी दोन. पेनल्टी किकचे तीन. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, फ्रान्स आणि इटली यांची सिक्स नेशन्स स्पर्धा होते. प्रत्येकाचे पाच सामने. पाचही जिंकले तर ग्रँड स्लॅम. तळाला राहिलेल्याला 'लाकडी चमचा' मिळाला असं म्हणतात. असा चमचा प्रत्यक्षात कुणी हातात देत नाही, पण डाग वर्षभर पुसला जात नाही.

इंग्लंडमध्ये रग्बी वाढली ती बहुतांशी श्रीमंतांच्या निवासी शाळांमधून. दक्षिण वेल्समध्ये ती खाणकामगारांनी आणि पोलाद कारखान्यांतल्या मजुरांनी आपलीशी केली. 1913 च्या सुमारास इथल्या खाणींत सव्वादोन लाखांहून जास्त माणसं राबत होती. आठवडाभर जमिनीखाली एकमेकांच्या भरवशावर काम करायचं आणि शनिवारी त्याच माणसांबरोबर स्क्रमच्या रेटारेटीत खांद्याला खांदा लावायचा. चॅपेल, गायनवृंद, युनियन आणि रग्बी क्लब या चार खांबांवर प्रत्येक गाव उभं होतं. परळ-लालबागच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. चाळीतलं व्यायाम मंडळ, गिरणीचा कबड्डी संघ, पाळी सुटल्यावर दिव्याच्या उजेडात रंगणारे सामने हे सगळं आमच्या गिरणगावात होतं. 1982 च्या जानेवारीत मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. 1984 च्या मार्चमध्ये ब्रिटनमधले खाणकामगार संपावर गेले आणि वर्षभराने हात रिकामे ठेवून कामावर परतले. ऱ्होंडातली शेवटची खाण, मार्डीची, 1990 च्या डिसेंबरात बंद झाली. दोन्हीकडे उद्योग गेला आणि त्याच्या आधाराने उभा असलेला खेळ मागे राहिला. फरक एवढाच की वेल्समध्ये तो खेळ देशाची ओळख होऊन बसला होता.

ही ओळख घडली त्याच्या खुणा स्पष्ट आहेत. 16 डिसेंबर 1905 रोजी कार्डिफ आर्म्स पार्कवर वेल्सने न्यूझीलंडला 3-0 असं हरवलं. त्या गाजलेल्या दौऱ्यात न्यूझीलंडने गमावलेला हा एकमेव सामना. न्यूझीलंडच्या 'हाका' या युद्धनृत्याला उत्तर म्हणून वेल्सच्या खेळाडूंनी राष्ट्रगीत म्हणायला सुरुवात केली आणि प्रेक्षकांनी ते उचलून धरलं. हे गीत 1856 मध्ये पॉन्टिप्रिद गावातल्या एका बाप-लेकांनी रचलेलं. बाप विणकर. पुढे 1970 च्या दशकात गॅरेथ एडवर्ड्स, बॅरी जॉन, फिल बेनेट, जेपीआर विल्यम्स, जेराल्ड डेव्हिस यांची पिढी आली आणि 1971, 1976 व 1978 असे तीन ग्रँड स्लॅम आले. एडवर्ड्स हा खाणकामगाराचा मुलगा. त्या दिवसांबद्दल इथली वयस्क मंडळी बोलू लागली की त्यांच्या आवाजात वेगळाच ताठा येतो. माझ्या दवाखान्यात छातीच्या विकाराने जेरीस आलेले माजी खाणकामगार येतात. श्वास पुरत नसला तरी एडवर्ड्सच्या ट्रायचं वर्णन पूर्ण केल्याशिवाय ते थांबत नाहीत.

उतरण

ही उतरण सुरू होण्याआधीचं शिखरही सांगायला हवं, नाहीतर पडझड कळत नाही. वॉरेन गॅटलंड हा मूळचा न्यूझीलंडचा प्रशिक्षक 2008 ते 2019 वेल्सजवळ होता. त्या काळात तीन ग्रँड स्लॅम आले आणि विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत संघ दोनदा पोचला. 2018-19 मध्ये वेल्सने ओळीने 14 कसोटी जिंकल्या. गॅटलंड 2022 च्या डिसेंबरात परत आला. 2023 च्या विश्वचषकात लिऑनच्या मैदानावर वेल्सने ऑस्ट्रेलियाचा 40-6 असा फडशा पाडला, तेव्हा जुने दिवस परतले असं वाटलं. ऑस्ट्रेलियाचा प्रशिक्षक होता एडी जोन्स. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

14 ऑक्टोबर 2023 रोजी मार्सेलमध्ये उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध वेल्स 10-0 असा पुढे होता. शेवटी 29-17 असा हरला. पराभवांची मालिका सुरू झाली ती इथून, पण त्या दिवशी कुणाला त्याची चाहूलही नव्हती.

त्याच सुमारास एक अख्खी पिढी निघून गेली. अलन विन जोन्सने 158 सामन्यांनंतर 2023 च्या मे महिन्यात निरोप घेतला. डॅन बिगरचा 112 वा आणि शेवटचा सामना मार्सेलचाच. ली हाफपेनी 101 सामन्यांवर थांबला, जॉर्ज नॉर्थ 2024 च्या मार्चमध्ये 121 वर. या चौघांबरोबर जवळपास 500 आंतरराष्ट्रीय सामन्यांचा अनुभव एका झटक्यात गेला. त्यात 2024 च्या जानेवारीत, सिक्स नेशन्सचा संघ जाहीर होण्याच्या दिवशीच, लुई रीस-झॅमिट या सर्वात वेगवान विंगरने अमेरिकन फुटबॉलसाठी रग्बी सोडत असल्याचं सांगितलं. मागे उरली ती विशी-बाविशीतली मुलं. कर्णधार डॅफिड जेंकिन्स अवघ्या 21 वर्षांचा होता.

2024 ची सिक्स नेशन्स वेदना देणारी ठरली, कारण विजय हाताला लागता लागता निसटत होता. स्कॉटलंडविरुद्ध 0-27 अशा पिछाडीवरून मुलांनी 26-27 पर्यंत मजल मारली आणि एका गुणाने हरली. ट्विकनमला मध्यंतराला इंग्लंडपेक्षा 14-5 असे पुढे होते, शेवटी 14-16. आयर्लंड आणि फ्रान्सने मोठे विजय मिळवले, आणि कार्डिफमध्ये इटलीने 24-21 अशी मात केली. 2003 नंतर पहिल्यांदाच लाकडी चमचा वेल्सच्या वाट्याला आला. गॅटलंडने राजीनामा देऊ केला, वेल्श रग्बी युनियनने तो घेतला नाही.

उन्हाळ्यात ट्विकनमला दक्षिण आफ्रिकेकडून आणि ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर दोन्ही कसोटींत हार झाली. नोव्हेंबरात फिजीने कार्डिफमध्ये इतिहासात पहिल्यांदा विजय मिळवला, 24-19. मग ऑस्ट्रेलियाकडून 20-52. हा अकरावा सलग पराभव, म्हणजे जुना विक्रम मोडला. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेकडून 12-45.

या 18 पराभवांकडे मी हातात कागद घेऊन पाहिलं तेव्हा एक गोष्ट दिसली. त्यातले सात सामने वेल्स सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरला, म्हणजे एका ट्रायच्या आणि एका किकच्या अंतराने. शेवटच्या दहा मिनिटांत चेंडू कुठे ठेवायचा, घड्याळ कसं खेळवायचं, पंचाशी कधी बोलायचं हे अनुभवी माणूस शिकवतो. तो माणूस संघात नव्हता. मुलांच्या टॅकलमध्ये कसर नव्हती. चुकत होतं ते दमलेल्या पायांनी घ्यायच्या निर्णयात.

सर्वात वाईट हंगाम

2025 ची सुरुवात पॅरिसमध्ये झाली, शुक्रवार रात्रीच्या सामन्यात. फ्रान्स 43, वेल्स शून्य. आठवड्याने रोममध्ये पावसात इटलीकडून 15-22. जागतिक क्रमवारीत वेल्स बाराव्या क्रमांकावर घसरला, इतक्या खाली तो कधी गेला नव्हता. तीन दिवसांनी, 11 फेब्रुवारीला, गॅटलंड पायउतार झाला. ज्याच्या कारकिर्दीत या देशाने इतकं वैभव पाहिलं, त्याला स्पर्धा अर्ध्यावर सोडून जावं लागलं याचं दुःख त्याच्यावर कडाडून टीका करणाऱ्यांनाही झालं.

कार्डिफ क्लबचा प्रशिक्षक मॅट शेरॅट तात्पुरता आला. त्याच्या हाती जेमतेम दीड आठवडा होता. समोर आयर्लंड. मध्यंतराला वेल्स 13-10 असा आघाडीवर आणि नंतर टॉम रॉजर्सने कोपऱ्यात सूर मारून केलेल्या ट्रायने 18-10. त्या दुपारी कार्डिफचं मैदान कित्येक महिन्यांनी आपल्या मूळ आवाजात बोललं. शेवटी आयर्लंडने 27-18 असा सामना काढला, पण घरी परतताना लोक खेळाबद्दल बोलत होते. चेंडू हातातून हातात फिरत होता, मुलं धोका पत्करत होती. मरेफील्डला स्कॉटलंडविरुद्ध 8-35 अशी दारुण अवस्था असताना याच मुलांनी शेवटच्या टप्प्यात तीन ट्राय केले आणि 29-35 पर्यंत आले.

मग 15 मार्च. कार्डिफ, इंग्लंड.

वेल्सचं राष्ट्रीय मैदान शहराच्या पार पोटात आहे. टॅफ नदीच्या काठी, रेल्वे स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर. सामन्याच्या दिवशी वेस्टगेट स्ट्रीट गाड्यांना बंद होतो आणि सकाळपासून लाल रंगाने भरून जातो. डॅफोडिलच्या आकाराच्या टोप्या घातलेली शाळकरी मुलं, खोऱ्यांमधून आलेल्या बसमधून उतरणारी कुटुंबं, आजोबांची जुनी, विटलेली जर्सी अंगात घातलेली नात. चौऱ्याहत्तर हजार माणसं आत बसतात. राष्ट्रगीत सुरू झालं की वाद्यवृंद मध्येच ऐकू येईनासा होतो, कारण आजूबाजूची माणसं वेगवेगळ्या पट्ट्यांत, जन्मजात सुरेलपणे गात असतात. मला सगळे शब्द पाठ आहेत. ते मला कुणी शिकवले नाहीत, या रांगांमध्ये उभं राहून अंगवळणी पडले.

त्या दिवशी सुरुवातीच्याच मिनिटांत इंग्लंडचा कर्णधार मारो इटोजे ट्राय करून गेला. मध्यंतराला 7-33. अंतिम गुणसंख्या 14-68. इंग्लंडचे दहा ट्राय. कार्डिफमध्ये वेल्सविरुद्ध इंग्लंडने इतका मोठा विजय कधीच मिळवला नव्हता. माझ्या पुढच्या रांगेत एक माणूस आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन बसला होता. पन्नासावा गुण झाला, साठावा झाला, तरी तो तिला प्रत्येक स्क्रमच्या वेळी समजावत होता: बघ, आपला हुकर खांदे कसे लावतोय, बघ, तो सात नंबरचा जॅक मॉर्गन परत उठला, परत टॅकलला गेला. मुलगी डोळे मोठे करून पाहत होती. काही लोक उठून गेले, बहुतेक बसून राहिले. इतकी माणसं हरत्या संघासमोर शेवटपर्यंत का बसतात, हे त्या बाप-लेकीकडे पाहून मला उमगत होतं. बाप तिला खेळ देत होता. निकालाशी त्याला कर्तव्य नव्हतं.

भिंतीपलीकडचं मैदान

राष्ट्रीय मैदानाला लागूनच कार्डिफ आर्म्स पार्क आहे. मध्ये फक्त स्टँडची भिंत. इंग्लंडकडून तो मार बसण्याच्या आदल्याच रात्री, 14 मार्चला, या छोट्या मैदानावर वेल्सच्या 20 वर्षांखालच्या मुलांनी इंग्लंडच्या मुलांना हरवलं आणि त्यांचा ग्रँड स्लॅम हुकवला. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना चोवीस तासांच्या आत हे दोन निकाल लागले.

मग वीस वर्षांखालची पोरं जिंकू शकतात, तर पंचविशीत पोचेपर्यंत काय बिनसतं? या प्रश्नाचं उत्तर भिंतीच्या याच बाजूला मिळतं. आर्म्स पार्कवर खेळणारा कार्डिफ क्लब 1876 चा. तो 9 एप्रिल 2025 रोजी आर्थिक दिवाळखोरीत गेला आणि वेल्श रग्बी युनियनला तो ताब्यात घेऊन चालवावा लागला. शेरॅट ज्या क्लबमधून राष्ट्रीय संघाला सावरायला आला होता, त्याच क्लबच्या डोक्यावरचं छप्पर दोन महिन्यांच्या आत उडालं.

मूळ दुखणं 2003 पासूनचं. व्यावसायिक रग्बीत शंभर-सव्वाशे वर्षांच्या छोट्या क्लबांचा निभाव लागेना म्हणून युनियनने त्यांच्यावर पाच प्रादेशिक संघ बसवले. त्यातला एक, केल्टिक वॉरियर्स, वर्षभरातच बंद झाला. तोच नेमका आमच्या खोऱ्यांच्या बाजूचा. ऱ्होंडा आणि पॉन्टिप्रिदच्या लोकांना तेव्हापासून आपला म्हणावा असा मोठा संघ उरला नाही. उरलेले चार, म्हणजे कार्डिफ, ऑस्प्रेज, स्कार्लेट्स आणि ड्रॅगन्स, यांच्या आणि युनियनच्या नात्यात गेली वीस वर्षं ओढाताण आहे. राष्ट्रीय संघाच्या सामन्यांतून पैसा येतो, त्यावर हे चार संघ तगतात, या संघांमधून राष्ट्रीय संघाला खेळाडू मिळतात. साखळीतली एक कडी ढिली झाली की सगळंच डगमगतं. कोविडमध्ये मैदान रिकामं राहिलं, कर्ज काढावं लागलं, त्याची परतफेड खेळाडूंच्या पगारातून होऊ लागली. 2024-25 च्या हंगामात प्रत्येक संघाला खेळाडूंवर जास्तीत जास्त 45 लाख पौंड खर्च करायची मुभा होती, आधीच्या वर्षापेक्षा कमी. आयर्लंड आणि फ्रान्समधले तगडे क्लब यापेक्षा कितीतरी पुढे आहेत. त्यांच्यासमोर आठवड्यामागून आठवडा हरणारी मुलं राष्ट्रीय संघात येतात तेव्हा जिंकायची सवय कुठून आणणार?

2023 ची सुरुवातच या अस्वस्थतेने झाली होती. जानेवारीत बीबीसीच्या एका कार्यक्रमातून युनियनमधल्या स्त्रीद्वेषाच्या तक्रारी बाहेर आल्या आणि मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीव्ह फिलिप्स यांना पद सोडावं लागलं. फेब्रुवारीत खेळाडूंचे करारच झाले नव्हते. घराचे हप्ते भरायला बँकेपुढे उभं राहायचं कसं, या विवंचनेतल्या खेळाडूंनी इंग्लंडविरुद्धच्या सामन्यावर बहिष्काराचा इशारा दिला. सामन्याच्या तीन दिवस आधी तोडगा निघाला. देशाबाहेरच्या क्लबकडून खेळायचं तर वेल्सकडून 60 सामने झालेले हवेत ही अट होती, ती 25 वर आणली. पण ज्यांना जायचं होतं ते इंग्लंड-फ्रान्सकडे वळले होते. महिला खेळाडूंशी 2024 मध्ये झालेल्या करारांच्या बोलणीतही युनियनचं वागणं इतकं चुकलं की तिला माफी मागावी लागली. 2025 च्या विश्वचषकात महिलांचा संघ गटातले तिन्ही सामने हरला. मला त्या मुलींचा पराभवही या 18 सामन्यांइतकाच लागतो. एकाच घरातली ही दोन दुखणी आहेत.

आमच्या खोऱ्यातल्या एका छोट्या क्लबवर रविवारी सकाळी मी जात असते. एका बाजूने डोंगरउतार, दुसऱ्या बाजूला घरांच्या रांगा, मध्ये थोडंसं उताराचंच मैदान. क्लबच्या खोलीत भिंतीवर जुने संघ फोटोत हाताची घडी घालून उभे आहेत, काउंटरवर चहाचं मोठं भांडं आणि मुलांच्या आयांनी आणलेले वेल्श केक. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, जे तरुणपणी खाणीत होते, मैदानावर रेषा मारण्यापासून जर्सी धुण्यापर्यंत सगळं बघतात. मार्चमधल्या त्या पराभवानंतर ते मला म्हणाले, "डॉक्टर, वरचा संघ हरला की सगळे म्हणतात प्रशिक्षक बदला. इथे अठरा वर्षांखालचा संघ उभा करायला पंधरा पोरं जमवताना आमचा जीव जातो. त्याबद्दल कोण बोलतं?" त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. त्यांनी बादली उचलली आणि लहान मुलांचे बूट धुवायला निघाले.

या खोऱ्यात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा खेळ सोडतो त्याची कारणं मला दवाखान्यात बसून दिसतात. आईचं काम दोन पाळ्यांत विभागलेलं, शनिवारी वेअरहाउसमध्ये मिळणारी नोकरी, गुडघ्याच्या दुखापतीनंतर लांबलेली फिजिओथेरपीची रांग. आणि ज्याच्या अंगात खरोखर चमक आहे त्याला इंग्लंडमधलं एखादं कॉलेज शिष्यवृत्ती देऊन घेऊन जातं. पॅरिसमधला शून्य मला या सगळ्याशी जोडलेला दिसतो.

कोबे आणि नंतर

जुलैमध्ये संघ जपानला गेला तो शेरॅटच्याच हाताखाली, डेवी लेकच्या नेतृत्वात. किताक्युशूला उकाड्यात पहिली कसोटी झाली. मध्यंतराला 19-7 अशी आघाडी, आणि त्यानंतर वेल्सच्या नावावर एकही गुण नाही. जपान 24-19. अठरावा पराभव, क्रमवारीत चौदावा क्रमांक. आठवड्याने कोबे. पुन्हा आघाडी, पुन्हा दुसऱ्या डावात जपान जवळ सरकत आलेला. या वेळी मात्र डॅन एडवर्ड्स, 22 वर्षांचा फ्लाय-हाफ, शेवटच्या मिनिटांत स्वतः चेंडू घेऊन घुसला, ट्राय केला आणि त्यावरची किकही त्यानेच मारली. समोरच्या जपानचा प्रशिक्षक होता एडी जोन्स, लिऑनला 40-6 असा ज्याचा संघ कोसळला होता तोच.

त्याच महिन्यात ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचा संघ ऑस्ट्रेलियात होता. चार देशांच्या या एकत्रित संघात पहिल्या कसोटीच्या दिवशी एकही वेल्श खेळाडू नव्हता. शतकाहून अधिक काळात असं घडलं नव्हतं. दुसऱ्या कसोटीत, मेलबर्नला, जॅक मॉर्गन बदली खेळाडू म्हणून उतरला. अखेरच्या क्षणी झोंबाझोंबीत त्याने समोरच्याला बाजूला सारलं आणि त्याच हल्ल्यातून ह्यूगो कीननने निर्णायक ट्राय केला. लायन्स 29-26. मार्चमध्ये 68 गुण पडत असताना परत परत उठणारा सात नंबरचा हाच तो.

जुलैअखेरीस स्टीव्ह टॅन्डीची मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. 2007 मध्ये गॅरेथ जेंकिन्स गेल्यापासून या जागी कायमस्वरूपी वेल्श माणूस आला नव्हता. रीस-झॅमिट रग्बीत परतला आहे. पण ऑगस्टमध्ये युनियनने चारांऐवजी दोनच व्यावसायिक संघ ठेवण्याचा प्रस्ताव मांडला आणि स्वॉन्सीपासून न्यूपोर्टपर्यंत रोष उसळला. पैसा मोजकाच असेल तर तो चार ठिकाणी विखरू नये, हा युक्तिवाद मला कळतो. मात्र एक संघ बंद झाला की काय होतं, हे आमच्या खोऱ्याने 2004 मध्ये पाहिलं आहे. संघ बंद करताना त्या भागातल्या मुलांनी खेळायचं कुठे, त्यांना घेऊन जाणारी बस कोण देणार, त्यांच्या शाळेत प्रशिक्षक येणार का, हे कागदावर लिहून मिळालं पाहिजे. दोन असोत वा चार, त्याआधी हे उत्तर द्या, असं चाहत्यांनी ठणकावून विचारायला हवं.

2025 च्या नोव्हेंबरात अर्जेंटिना, जपान, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका एकामागून एक कार्डिफला आले. न्यूझीलंडला वेल्सने शेवटचं हरवलं ते 1953 मध्ये. मोठे पराभव पुन्हा होतील, त्याची मला कल्पना आहे. 2002-03 मध्ये याच देशाने दहा सलग पराभव सोसले आणि दोनच वर्षांनी ग्रँड स्लॅम जिंकला, हेही मला ठाऊक आहे. 2007 मध्ये फिजीने विश्वचषकाबाहेर काढलं आणि पुढच्याच वर्षी पुन्हा ग्रँड स्लॅम आला. पण तेव्हा खाली खेळणाऱ्या मुलांची रांग लांब होती. ती रांग पुन्हा लांब करणं हे काम एकट्या टॅन्डीचं नाही. ते युनियनचं आहे, सरकारचं आहे, आणि 74 हजार आसनं भरणाऱ्या आम्हा सगळ्यांचं आहे. आंतरराष्ट्रीय सामन्याच्या तिकिटाला जो पैसे मोजतो, त्याने आपल्या गावातल्या क्लबचं वार्षिक सदस्यत्वही घ्यावं, रविवारी दोन तास रेषेजवळ उभं राहावं, मुलींचे सामने पाहावेत आणि युनियनच्या प्रत्येक निर्णयाचा जाब मागावा. मी हे करते आहे आणि दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक रग्बीवेड्या माणसाला तेच सांगते. संघ जिंकायला लागेल तेव्हा आनंद होईलच. तो टिकवायचा असेल, तर त्याची किंमत आताच, हरताना, भरावी लागेल.